बेन मोरवरचं घर

आमच्याकडे पहिल्यांदा येणारी मंडळी मागच्या बागेत उभी राहून हमखास म्हणतात, "नशीब काढलंत हं." लंडनजवळच्या स्लाऊमध्ये, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, सफरचंदाचं झाड असलेलं घर मिळणं हे नशीबच आहे. मी तेवढ्यात चहा टाकायचं निमित्त करून आत सटकते. हे घर ज्या आठवड्यात मिळालं, त्याच्या आदल्या आठवड्यात मी एका म्हाताऱ्या बाईंचं फार मोठं नुकसान केलं, आणि वर त्यांच्याकडून आभार मानून घेतले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही हे मला बुद्धीने कळतं. तरी मी आत जातेच.

आधी माझ्याबद्दल सांगायला हवं. मी इथल्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. स्वभावाने शिस्तीची, नवऱ्याच्या भाषेत खडूस. आमच्या मराठी ग्रुपबरोबर कुठे चालायला गेलं की कचरा उचला, फाटक लावून घ्या, पायवाट सोडू नका, हे सगळं ओरडून सांगणारी मीच. नवस, उपास, दारावरचं लिंबू-मिरची, यांची तर मी इतकी टर उडवते की आईने माझ्यासमोर हे विषय काढणंच सोडलं होतं.

तीन वर्षांपूर्वीचा तो वसंत आम्ही घरं बघण्यात घालवला. चार घरं हाताशी येऊन निसटली. एका ठिकाणी तर मी खिडक्यांची मापं घेऊन पडद्यांचं कापड बघत होते, तेव्हा एजंटचा फोन आला की मालकांचा विचार बदलला. आमच्या भाड्याच्या फ्लॅटच्या मालकाला त्याच्या मुलीसाठी जागा परत हवी होती, उन्हाळा संपायच्या आत. दर शनिवारी व्ह्यूइंग, दर सोमवारी नकार. मी घरी आणि कामावर सगळ्यांवर डाफरत होते.

नाशिकहून आई फोनवर म्हणाली, "गडावर गेले असते तर तुमच्या नावाने दगड ठेवले असते. पण गुडघे ऐकत नाहीत आता."

सप्तशृंगीच्या गडाला प्रदक्षिणा घालताना वाटेच्या कडेला लोक दगडावर दगड रचून ठेवतात. चार दगड, पाच दगड, कोणी दोन मजली, कोणी वर चपटा दगड ठेवून छप्परसुद्धा करतं. ज्याला स्वतःचं घर नाही त्याने असं घर बांधायचं, म्हणजे देवी खरं घर देते. मी सात वर्षांची असताना आईने तिथे असं घर रचलं होतं. पुढे दोन वर्षांनी आमचं नाशिकरोडचं घर झालं. आईने त्याचं श्रेय त्या दगडांना दिलं, बाबांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला. मी बाबांच्या बाजूची. फोनवर मी आईला म्हटलं, की इथे एस्टेट एजंट देवीचं ऐकत नाहीत. ती हसली नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही स्कॉटलंडला गेलो. डोकं शांत व्हावं म्हणून, घर हा शब्द काढायचा नाही अशी अट घालून. ओबनहून बोटीने मल बेटावर. हे बेट म्हणजे एका जुन्या, केव्हाच विझलेल्या ज्वालामुखीचं उरलेलं अंग आहे, आणि बेन मोर हा त्याचा सगळ्यात उंच डोंगर. बोट किनाऱ्याला लागली. समोरचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे होते. काळा कातळ, त्यावर हिरवा पट्टा, पुन्हा कातळ, पुन्हा हिरवा पट्टा. नाशिकहून कळवणकडे जाताना श्रावणात दिसतात तसे. नवरा म्हणाला, "हे तर आपलंच आहे की." या देशात राहून बारा वर्षं झाली होती, पण कुठली जमीन ओळखीची वाटण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राच्या काठाला गाडी लावून आम्ही चढायला लागलो. वाट ओढ्याच्या कडेने जाते. दोन्ही बाजूंना कमरेएवढे नेचे, दगडांवर ओलं शेवाळ, छोटे छोटे धबधबे, आणि माणूस कोणी नाही. मेंढ्या तेवढ्या आमच्याकडे बघून रवंथ करत होत्या. तासाभराने एका धबधब्यापाशी आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तेव्हा खालून एक बाई येताना दिसल्या. सत्तरीच्या, पांढरे कापलेले केस, दोन हातांत दोन काठ्या, निळं जुनं जॅकेट, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला नकाशा. चाल सावकाश पण एकसारखी. मी पेशामुळे लोकांच्या चालण्याकडे आधी बघते. ही बाई अजून दहा वर्षं डोंगर चढेल असं मी मनात म्हटलं.

त्या थांबल्या. मी धपाटा पुढे केला, त्यांनी न लाजता घेतला आणि चटणीने डोळ्यांत पाणी आलं तरी संपवला. कार्डिफच्या बाहेर एका खेड्यात राहायच्या, एकट्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. शाळेत आम्ही शिक्षिकांना बाई म्हणायचो, तशा मनात मी त्यांना बाईच म्हणत आले. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर त्या इथे पहिल्यांदा आल्या, आणि नवरा गेल्यानंतरही दर दोन-तीन वर्षांनी येत होत्या. आमच्या डोंगरांचा खडक आणि हा खडक एकाच प्रकारचा, दोन्ही लाव्हाच्या थरांनी बनलेले, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला उगीचच अभिमान वाटला.

निघताना त्यांनी एक गोष्ट बजावली. वर गेल्यावर होकायंत्रावर विश्वास ठेवू नका. शिखराजवळच्या खडकात लोह आहे, सुई भलतीकडे वळते. ढग उतरले तर फक्त दगडांच्या राशी बघत उतरायचं. वाट दाखवायला रचलेल्या या राशींना इथे केर्न म्हणतात. मी मान डोलावली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी स्वतःला कित्येकदा सांगून पाहिलं की मला काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. पुढे जे केलं त्याच्या तासाभरापूर्वीच ऐकलं होतं.

आम्ही त्यांच्या पुढे निघालो. ओढा संपला, गवत संपलं, आणि घसारा सुरू झाला. पायाखालून खडी सरकत होती. एका सोंडेवर वाट जरा सपाट होते आणि तिथेच ती खडीत दिसेनाशी होते. पुढची केर्न दिसेपर्यंत अंदाजाने चालायचं. आम्ही दम खायला वाटेपासून पंचवीस-तीस पावलं बाजूला, कड्याच्या अंगाला जाऊन बसलो, कारण तिथून समुद्र दिसत होता. ऊन पडलं होतं. खाली निळं पाणी, पाण्यात बेटं. खडकात आपल्याकडे सापडतात तशाच पांढऱ्या खड्यांचे ठिपके होते.

नवऱ्याने एक चपटा दगड उचलला आणि दुसऱ्यावर ठेवला. "आईंचं एवढं मन आहे, तर ठेवून टाकू की," म्हणाला.

त्याला मी चिडवायला हवं होतं. माझं कामच ते. पण मला एकदम घर इतकं हवंसं झालं की चिडवायचं राहूनच गेलं. घर हा शब्द काढायचा नाही ही अट माझीच होती आणि तीन दिवस मी दुसरं काही मनात आणलं नव्हतं. मी उठले आणि दगड निवडायला लागले. नवरा दोन दगडांवर थांबला असता. मी थांबले नाही. खाली मोठे, वर लहान, फटीत चिपा कोंबून पक्कं केलं. करायचंच तर नीट करायचं, हाही माझाच स्वभाव. गुडघ्याएवढं झालं तेव्हा सगळ्यात वर एक पांढऱ्या ठिपक्यांचा दगड ठेवला. मग मी फोटो काढला, आणि हात जोडले. बाबांनी बघितलं असतं तर काय म्हणाले असते हा विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

गडावर अशी शेकडो घरं असतात. त्यांच्यामुळे कोणाची वाट चुकत नाही, कारण तिथे वाट पक्की आहे, कठडा आहे, माणसांची रीघ आहे. इथे दगडावर दगड म्हणजे एकच अर्थ होतो: इकडून या. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून बघायचं मात्र मला सुचलं नाही.

शिखरावर दगडांचा एक गोल आडोसा आहे. आम्ही त्यात टेकलो आणि अर्ध्या-पाऊण तासाने बाईही आल्या. चढताना मान खाली घालून चालायची त्यांची सवय. आमचं बाजूचं बांधकाम त्यांच्या नजरेस पडलं नव्हतं. त्यांनी आम्हाला बिस्किटं दिली आणि आम्हाला पुढे व्हा म्हणाल्या. त्यांना तिथे थोडं एकटं बसायचं होतं. आम्ही समजलो आणि निघालो. उतरताना ते घर पुन्हा दिसलं, आणि बरंच खाली फोनला रेंज मिळाल्यावर मी आईला फोटो पाठवला.

अर्ध्या तासात समुद्रावरून ढग आला आणि वरचा सगळा डोंगर पुसून टाकला. आम्ही तोवर ओढ्यापाशी पोचलो होतो. बाई अनुभवी आहेत, येतील, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. मग शिट्टी ऐकू आली. सहा वेळा, मग थांबून पुन्हा सहा वेळा. मदतीसाठी अशी शिट्टी वाजवतात हे मीच ग्रुपला शिकवलेलं.

आम्ही परत चढलो. धुक्यात शिट्टीच्या रोखाने, केर्न शोधत. सपाट सोंडेवर आल्यावर आवाज वाटेकडून नाही, बाजूने यायला लागला. कड्याच्या अंगाने. मी थांबले. नवराही थांबला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मग धुक्यातून आधी ते घर पुढे आलं, पक्कं, नीटनेटकं, वर पांढरा दगड, आणि त्याच्या पलीकडे, दहा-बारा फुटांच्या कातळटप्प्याखाली, बाई.

उजवा घोटा मोडला होता. पायाची दिशा बघूनच कळलं. मनगटही गेलं होतं. शुद्ध पूर्ण होती. मी खाली उतरले, त्यांच्याच काठीने आणि माझ्या स्कार्फने पाय बांधला, आमची जॅकेटं अंगावर घातली. फोनला तिथे रेंज नव्हती. नवरा ती शोधायला सोंडेवरून खाली गेला. तीन तासांहून जास्त वेळ आम्ही दोघीच होतो. त्या विव्हळल्या नाहीत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "इथे केर्न होती. मला स्पष्ट दिसली. नाहीतर मी इकडे आलेच नसते."

मी हो हो म्हणत त्यांचा हात चोळत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते किती खरं आहे ते मला तिथे कळलं. माझ्या नखांत अजून त्याच दगडांची माती होती.

मग मी त्यांना म्हटलं की रेस्क्यूची माणसं दिसतात का ते बघून येते. वर चढले आणि ते घर मोडलं. वरचा पांढरा दगड मी कड्यावरून लांब फेकला, बाकीचे पसरून टाकले, मोठे पायाने लोटले. वर येणारी टीमही याच राशीने फसेल, म्हणून ती मोडायला हवी, असं मी स्वतःला सांगत होते. ते कारण खरं होतं. पण टीम फसेल म्हणून मोडायची तर खडी पायाने सारखी करून जागा पूर्वीसारखी दिसते का हे बघायची गरज नव्हती. मी बघितलं. दोनदा बघितलं.

रेस्क्यूची सगळी माणसं गावातली, पगार न घेता येणारी. धुक्यात हेलिकॉप्टर वर येऊ शकत नव्हतं, म्हणून स्ट्रेचर घेऊन, नवऱ्याबरोबर चालत आली. त्यांच्या म्होरक्याला बाईंनी पहिलं काय सांगितलं असेल तर केर्नबद्दल. चुकीच्या जागी कोणीतरी रचली आहे, गुडघ्याएवढी, वर पांढरा दगड, ती काढून टाका, दुसरं कोणी पडेल. त्याने एका माणसाला वर पाठवलं. तो येऊन म्हणाला की तसं काही नाही. म्होरक्या मायेने म्हणाला, की धुक्यात डोळे काहीही दाखवतात, मोठमोठे फसतात. बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू वरूनच आलीस ना? तुला दिसली असेल."

"नाही," मी म्हटलं. "धुकं फार होतं."

नवऱ्याने श्वास आत घेतला. त्याच्याकडे न बघता मी मराठीत म्हटलं, "आत्ता काही बोलू नकोस." सगळ्यांना वाटलं असेल मी त्याला धीर देते आहे.

बाईंनी डोळे मिटले. "असेल," म्हणाल्या. एवढंच. आणि मग, स्ट्रेचरला पट्टे बांधत असताना, त्यांनी चांगल्या हाताने माझा हात धरला आणि आभार मानले. तुम्ही परत आला नसतात तर मी वाचले नसते, म्हणाल्या.

परतताना बोटीवर नवरा म्हणाला, की हॉस्पिटलमध्ये फोन करून सांगून टाकू. मी त्याला पन्नास कारणं दिली. पोलिसांचं लफडं होईल, फिजिओ म्हणून माझं रजिस्ट्रेशन जाईल, त्यांना ऑपरेशनच्या तोंडावर कशाला त्रास. त्याने ऐकून घेतलं. तो भांडखोर नाही, आणि त्याच्या त्या गरीबपणाचा मी फायदा घेतला.

पुढच्याच मंगळवारी एजंटचा फोन आला. हे घर. आमच्याआधी ज्यांना मिळालं होतं त्यांचं फिसकटलं होतं. आईला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "बघ, देवी तिकडेसुद्धा असते." तिने माझा तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

बाईंच्या घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले. त्यांनी रेस्क्यूवाल्यांकडून आमचा पत्ता मिळवून कार्ड पाठवलं. मग फोनाफोनी सुरू झाली. मी फिजिओ आहे कळल्यावर त्यांनी व्यायाम विचारले, आणि मी जीव तोडून शिकवले. दर रविवारी व्हिडिओ कॉल. टाच उचला, बोटं वळवा, एका पायावर तोल. माझ्या पेशंटना मी एवढा वेळ दिला नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा तो प्रकार. घोटा चांगला भरून आला. दुखणं तिथे नव्हतंच.

ते कुठे होतं हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. बाई सहज म्हणाल्या, की पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना तपासतात त्या क्लिनिकमध्ये त्यांना बोलावलं होतं आणि तिथे घड्याळ काढायला लावलं. म्हातारा माणूस पडला की त्याचं डोकं शाबूत आहे ना हे बघायला आम्ही हेच करतो: कागदावर घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा. मी स्वतः लोकांना त्या क्लिनिकला पाठवते. "चाळीस वर्षं मुलांना नकाशे काढायला शिकवले मी," त्या म्हणाल्या. घड्याळ बरोबर आलं होतं. पण ब्रिस्टलला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला चैन पडेना. आपल्या आईला नसलेले दगड दिसतात आणि ती ठामपणे सांगते की होते, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. त्याचा तरी काय दोष? त्याला दिसत होतं ते त्याने जोडलं.

आणि मग बाईंनाही तसंच वाटायला लागलं. चष्मा सापडला नाही की म्हणायच्या, बघ, सुरू झालं. गाडी चालवणं त्यांनी स्वतःहून सोडलं. एकटीने चालायला जाणं सोडलं. मी व्हिडिओवर त्यांचा पाय बघत होते आणि त्यांचा चेहरा बघायचं टाळत होते. दर रविवारी ठरवायचे की आज सांगायचं, आणि दर रविवारी व्यायाम वाढवायचे.

दुसऱ्या वर्षीच्या नाताळानंतर त्या म्हणाल्या, की मुलगा घर विकायला सांगतोय. देखरेखीच्या सोयीचे फ्लॅट असतात, तिथे जायचं. पन्नास वर्षं राहिलेलं दगडी घर, मागे त्यांनी लावलेले मटारचे वेल. "तुझं काय मत?" त्यांनी मला विचारलं. माझं पेशातलं मत विचारलं. तीन शब्द बोलायचे होते मला: रास मी रचली. मी म्हटलं, की जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवला तर अजून काही वर्षं जमेल, पण शेवटी तुमच्या मुलाशी बोलून ठरवा. मूग गिळून बसणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी नीट शिकले.

त्या फोननंतर नवरा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. पण तू सांगायला हवं." मी हो म्हटलं. तरी आठवडे गेले. मार्चमध्ये घर विकलं गेलं.

एप्रिलमध्ये त्यांनी नवा फ्लॅट बघायला बोलावलं. मी एकटीच गाडी घेऊन कार्डिफला गेले. स्वच्छ, उबदार, छोटी जागा. बाथरूममध्ये मदत बोलवायला ओढायची लाल दोरी. खोकी अजून भिंतीला लागून होती. मुलगा मदतीला आला होता, पन्नाशीचा, आईसारखाच उंच. तो चहा करत होता. त्याने पुन्हा एकदा माझे आभार मानले, आईला वाचवल्याबद्दल. बाई बारीक झाल्या होत्या. चालत होत्या छान.

त्यांनी एका खोक्यातून नकाशांचा गठ्ठा काढला. दुमडून दुमडून कडा झिजलेले, पेन्सिलीने वाटा काढलेले, रबर लावून बांधलेले. माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं अजून डोंगरात जाता. माझा आता माझ्यावर विश्वास नाही. तुला देते."

गठ्ठा जड होता. सगळ्यात वर मल बेटाचा नकाशा होता. मी गठ्ठा त्यांना परत द्यायला हात पुढे केला, पण काही न सांगता तो परत देणं मला जमेना.

"बाई," मी म्हटलं. मराठीतच. मग इंग्रजीत सगळं सांगितलं. तिथे रास होती. ती मी रचली. आमच्याकडे घर मिळावं म्हणून रचतात. तुम्ही पडल्यावर मीच ती मोडली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले.

त्यांनी विचारलं, "किती उंच?"

"गुडघ्याएवढी."

"वर?"

"पांढऱ्या ठिपक्यांचा दगड."

मी फोन काढून फोटो उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो बघितला, मग दोन बोटांनी मोठा करून बघितला, आणि एक लांब श्वास सोडला. मला क्षणभर वाटलं की त्या हसतात. त्या हसत नव्हत्या. त्यांचे ओठ कापत होते. मी सॉरी म्हटलं, पुन्हा म्हटलं. त्या शब्दाकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

मुलगा स्वयंपाकघराच्या दारात दोन कप घेऊन उभा होता. केव्हापासून, माहीत नाही. त्याने मला एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

मी फोन पर्समध्ये ठेवला.

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "तिथेच."

त्याने कप एका खोक्यावर ठेवले आणि आईकडे बघितलं. दोन वर्षं तो तिला समजावत आला होता. त्याला तिची माफी मागायची होती हे दिसत होतं, पण माझ्यादेखत ते त्याला करवेना. बाई उठल्या. कशाला न धरता, एका दमात. माझ्या मांडीवरचा नकाशांचा गठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून घेतला आणि मुलाजवळ दिला.

"हे कपाटात ठेव," त्या म्हणाल्या. "हाताला येतील असे." मग माझ्याकडे वळल्या. "तू आता जा."

मी माझा कोट घेतला आणि निघाले.